मोबाईलच्या कुलपातले आकडे आणि पुण्याचे कोसंबी

शिरूर/दौंड : ऑनलाइन काढलेल्या सातबाऱ्यावर तलाठ्याची शाईची सही नसते. तरी तो पीककर्जाला चालतो, कारण त्यावर डिजिटल सही असते. ती सही खोटी करता येत नाही, याची हमी कुठला साहेब देत नाही, गणित देतं. बँकेचं ॲप, मोबाईलवरून दुकानदाराला पाठवलेले पैसे, अशा बऱ्याच ठिकाणी हीच तऱ्हा आहे. या कुलपांपैकी जे सगळ्यात जुनं आणि आजही भरपूर वापरात आहे, ते अविभाज्य संख्यांवर उभं आहे.

या अविभाज्य संख्यांपायी ज्यानं नाव पणाला लावलं असा एक माणूस आपल्या पुण्यात होऊन गेला. भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. बऱ्याच जणांना ते इतिहासकार म्हणून माहीत आहेत. पण त्यांचा पगार गणिताचा होता, आणि घात झाला तोही गणितातच.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबें गावचा. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे जाणकार. ज्ञानासाठी घरदार सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत हिंडलेला माणूस. ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत, त्यामुळं दामोदरचं लहानपण पुण्यात गेलं. १९१८ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या कामासाठी धर्मानंद अमेरिकेला निघाले, तेव्हा ११ वर्षांच्या मुलालाही बरोबर नेलं. अमेरिकेतल्या केंब्रिज नावाच्या गावात तो शाळेत गेला. मधे काही काळ भारतात परत येऊन पुन्हा गेला, आणि १९२९ साली हार्वर्डमधून सगळ्यात वरच्या श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडला.

पोरगं हुशार होतं, पण सरळ रेषेत चालणारं नव्हतं. गणित शिकता शिकता भाषा शिकला, इतिहास वाचला. मंदीच्या सालात तिकडं नोकरी मिळणं अवघड झालं. मग परत येऊन आधी बनारस, तिथून अलीगढ. अलीगढला त्यांना बोलावणारा आंद्रे वेल हा फ्रेंच गणिती पुढं जगात गाजला. त्याच्याच सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ च्या सुमारास एक खोडी काढली. बुर्बाकी नावाच्या, कधी जन्मालाच न आलेल्या रशियन गणितज्ञाचा हवाला देऊन त्यांनी लेख छापून आणला. पुढं फ्रान्समधल्या गणितज्ञांच्या एका टोळक्यानं बुर्बाकी याच नावानं जाडजूड ग्रंथ लिहिले. छापील कागदावर त्या नावाचा हा पहिला वापर मानतात.

१९३१ मध्येच नलिनी माडगावकरांशी लग्न झालं. १९३३ पासून १९४५ पर्यंत कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. पगार बेताचा, स्वभाव तिखट. चूक दिसली की समोर कोण आहे हे न बघता बोलून मोकळे व्हायचे. त्यामुळं मित्र थोडे आणि दुखावलेले लोक जास्त. पण काम बघावं तर याच १२ वर्षांतलं.

शेतकऱ्यांच्या जवळचं काम आधी सांगायला हवं. बियाणं तयार करणारे शास्त्रज्ञ पिकाच्या जनुकांचा नकाशा काढतात. जनुकं माळेतल्या मण्यांसारखी ओळीनं असतात. जवळजवळचे दोन गुण पुढच्या पिढीत बहुतेक एकत्र उतरतात, लांबचे सुटे होतात. किती वेळा सुटे झाले यावरून त्यांच्यातलं अंतर काढायचं, तर साधी त्रैराशिकं चालत नाहीत, कारण माळ एका जागी तुटली की तिच्या शेजारी लगेच दुसऱ्यांदा तुटण्याची शक्यता कमी होते. हे धरून कोसंबींनी एक सूत्र बसवलं. १९४४ च्या सुमारास ते छापून आलं. गहू, भात, ज्वारी, बाजरीचे असे नकाशे करताना आजही जगभर कोसंबी सूत्र वापरलं जातं. ज्वारीच्या सुधारित वाणाची पिशवी फोडताना आपल्याकडं कुणाला हे ठाऊक असतं?

त्याआधी १९४३ मध्ये त्यांनी दुसरी एक गोष्ट मांडली होती. गोंधळाच्या, वरखाली होणाऱ्या माहितीतून मोजके महत्त्वाचे धागे वेगळे कसे काढायचे, त्याचं ते गणित होतं. दोनतीन वर्षांनी फिनलंडच्या कारहुनेन यांनी आणि फ्रान्सच्या लोएव यांनी तेच स्वतंत्रपणे मांडलं. जगानं त्या दोघांचं नाव दिलं. कोसंबींचं नाव त्यात जोडायला लोकांना फार उशीर लागला, आणि अजून सगळीकडं जोडतातच असं नाही. कॉम्प्युटरला माणसाचा चेहरा ओळखायला शिकवायच्या सुरुवातीच्या पद्धती याच गणितावर होत्या.

आकडे कळतात की नाही हे तपासायला त्यांनी जुनी नाणी हाताशी धरली. चांदीचं नाणं हातोहात फिरलं की झिजतं. मग वजनावरून ते किती काळ फिरलं याचा अंदाज का काढू नये? त्यांनी हजारो नाणी तराजूवर घातली. नाणी कुणी पाडली हे कळायला जुने ग्रंथ वाचावे लागले, ग्रंथांसाठी संस्कृत पक्कं करावं लागलं, आणि असं करत करत माणूस इतिहासात शिरला. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर त्यांचं पुस्तक आलं आणि राजेरजवाड्यांच्या सनावळ्यांपेक्षा नांगर, जमीन, धान्य आणि राबणारा माणूस यांच्याकडं बघून इतिहास लिहायची वाट पडली.

त्यासाठी ते पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत पायी हिंडले. टोक लावलेली काठी हातात घेऊन टेकडीच्या उतारावर गारगोटीची बारीक हत्यारं शोधायची, गावदेवीचा शेंदूर लावलेला तांदळा बघायचा, धनगरांचे वाडे कुठून निघतात, कुठं मुक्काम करतात ते विचारायचं. मेंढरांच्या वाटा हजारो वर्षांच्या जुन्या आहेत, देव त्या वाटांवर बसलेत, असं त्यांचं म्हणणं होतं. शिरूरच्या शेजारी हवेली तालुक्यातल्या वाडेबोल्हाईची देवी त्यांच्या लिखाणात येते. जिल्ह्यातल्या महापाषाणांवर १९६२ साली त्यांनी लेख लिहिला. घोड नदीकाठच्या आपल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन सुरू केलं १९६८ मध्ये. कोसंबींना ते बघायला मिळालं नाही.

१९४५ साली फर्ग्युसन सुटलं आणि होमी भाभांनी त्यांना मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. संस्था नवी होती, भाभांना गणितासाठी तगडा माणूस हवा होता. कोसंबींनी पुणं काही सोडलं नाही. डेक्कन क्वीननं जायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत. दौंडवरून रोज पुण्याला कामाला जाणाऱ्या पासवाल्यांना हे जगणं सांगायला नको. फरक एवढाच की कोसंबींचं अर्धं वाचन आणि लिखाण गाडीतच व्हायचं.

सुरुवातीला भाभांशी जमलं. नंतर बिनसलं. भाभा अणुऊर्जेचे प्रमुख, आणि कोसंबी उघडपणे सांगत फिरायचे की आपल्या देशाला अणूपेक्षा सूर्य स्वस्त आणि बरा. तेव्हा हे ऐकून लोक हसले असतील. आज शिरूर-दौंडमध्ये विहिरीविहिरीवर सोलरच्या प्लेटा उभ्या आहेत. शिवाय कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते, अणुबॉम्बच्या विरोधात होते, रशिया-चीनला जाऊन येत. ज्या संस्थेचा पगार खायचा तिच्याच मुख्य कामाला विरोध करायचा, हे कुठल्याही मालकाला फार दिवस चालत नाही.

त्यातच अविभाज्य संख्यांचं प्रकरण झालं.

अविभाज्य संख्या म्हणजे काय? १२ रोपं असतील तर ४-४ च्या ३ ओळी होतात. १३ रोपांच्या सारख्या ओळी पाडून बघा, होत नाहीत. एकच लांब ओळ करावी लागते. १३ ही अविभाज्य. २, ३, ५, ७, ११, १३, १७ अशा या संख्या पुढं कधीच संपत नाहीत. पण त्या कुठं येतात याला नेम नाही. कधी लागोपाठ, कधी मोठी खाडी. खडकाळ माळावर उगवलेल्या गवतासारखी त्यांची गत. पण लांबून, उंचावरून पाहिलं तर त्यांच्या विरळ होत जाण्यात एक शिस्त दिसते. ही शिस्त नेमकी किती पक्की आहे याबद्दल जर्मनीच्या रीमान यांनी १८५९ साली एक अंदाज मांडला. तो खरा असावा असं सगळ्यांना वाटतं, पण आजपर्यंत कुणाला सिद्ध करता आलेला नाही. २००० सालापासून त्यावर १० लाख डॉलरचं बक्षीस आहे.

कोसंबींना वाटलं, आपल्याला जमलं. त्यांनी वाट धरली ती शक्यतेच्या गणिताची, म्हणजे जी नाण्यांना आणि जनुकांना लावली तीच. संख्यांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती अविभाज्य सापडतात ते मोजायचं. पावसाचे थेंब फरशांवर जसे पडतात, कुठं एक, कुठं दोन, कुठं कोरडं, तशाच या संख्या पडतात असं त्यांना दिसलं. १९५९ साली त्यांनी हे छापलं, तेही कुठं, तर भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात. शेतीच्या आकडेवारीच्या अंकात जगातलं सगळ्यात अवघड गणित सोडवल्याचा दावा! संख्याशास्त्रातले लोक तो अंक उघडत नसत. ज्यांनी उघडला त्यांना तो पटला नाही. पावसासारखं दिसतं म्हणजे पाऊसच आहे असं होत नाही. अविभाज्य संख्या नशिबानं पडत नाहीत, त्या ठरलेल्याच असतात. हा सांधा कोसंबींना जोडता आला नाही.

इथं त्यांची बाजू घ्यायची तर घेता येते, पण चूक त्यांची होती. दुसऱ्यांच्या चुका चारचौघांत काढणाऱ्या माणसानं स्वतःचं काम जाणत्यांकडून आधी तपासून घ्यायला हवं होतं. टाटा संस्थेत संख्याशास्त्राची तरुण पोरं तोपर्यंत जगाच्या तोडीची तयार झाली होती, त्यांच्यापुढं संस्थेची नाचक्की झाली. १९६२ साली भाभांनी कोसंबींचा करार वाढवला नाही. १७ वर्षांची नोकरी गेली, डेक्कन क्वीनचा फेरा संपला.

आता जरा पुढं जाऊ. कोसंबी गेल्यानंतर ११ वर्षांनी, १९७७ साली, अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी या अविभाज्य संख्यांचं कुलूप बनवलं. गंमत म्हणजे ते ज्या एमआयटी संस्थेत होते ती त्याच केंब्रिज गावात आहे, जिथं दामोदर शाळेत गेला. कुलपाची युक्ती सोपी आहे. ८३ गुणिले ९७ किती? कागदावर मिनिटात ८०५१ येतात. पण नुसते ८०५१ दिले आणि कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार ते विचारलं तर घाम फुटतो. एका बाजूनं सोपं, उलट्या बाजूनं अवघड. प्रत्यक्षात जो गुणाकार वापरतात तो ६१७ अंकी असतो. २०२० साली २५० अंकी संख्या फोडली गेली, तर कॉम्प्युटरच्या एका गाभ्याच्या हिशोबानं सुमारे २७०० वर्षांचं काम अनेक यंत्रांत वाटून करावं लागलं. ६१७ अंकी कुणी फोडलेली नाही.

म्हणजे शंभर वर्षं ज्या संख्यांचा उपयोग काय असं लोक विचारायचे, त्यांच्यावर जगाची तिजोरी उभी राहिली. इथं एक गैरसमज नको. कोसंबींचं उत्तर बरोबर निघालं असतं तरी हे कुलूप त्यानं उघडलं नसतं. संख्या किती दाट पसरल्यात हे कळणं वेगळं आणि समोरच्या गुणाकाराचे दोन तुकडे करणं वेगळं.

उघडायची युक्ती सापडली १९९४ साली, अमेरिकेच्या पीटर शोर यांना. ती समजायला कालव्याचं आवर्तन आठवा. पाणी सुटतं, पाळ्या होतात, फिरून पहिल्यावर येतं. आकड्यांचंही तसंच. १५ ही संख्या घ्या. २ ला २ ने गुणत जा आणि दर वेळी १५ ने भागून बाकी लिहा. २, ४, ८, १, पुन्हा २, ४, ८, १. चार पावलांत आवर्तन पुरं होतं. चारच्या निम्मे दोन, म्हणून दुसऱ्या पावलाची बाकी घ्या, ती ४. तिच्यात एक कमी केला तर ३, एक वाढवला तर ५. आणि १५ म्हणजे ३ गुणिले ५! कुलूप उघडलं. ६१७ अंकी संख्येचं आवर्तन मात्र इतकं लांब असतं की साधा कॉम्प्युटर पाळ्या मोजता मोजता थकतो. क्वांटम कॉम्प्युटर एक-एक पाळी मोजत बसत नाही. त्याच्यात माहिती लाटांसारखी वागते. चुकीच्या लाटा एकमेकींना मारतात, बरोबर आवर्तनाच्या लाटा एकमेकींवर चढून मोठ्या होतात.

२००१ साली अशा यंत्रानं खरोखर १५ चे ३ आणि ५ केले. एवढंच. पण तेव्हापासून यंत्रं वाढताहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलनं १०५ क्युबिटची विलो नावाची चिप दाखवली. क्युबिट म्हणजे या यंत्राचा मणी समजा. मणी नाजूक असतात, लगेच चुकतात. मणी वाढवले तशा चुका कमी झाल्या, हे विलोचं वैशिष्ट्य. ६१७ अंकी कुलूप फोडायला किती क्युबिट लागतील? २०१९ चा अंदाज होता २ कोटी. मे २०२५ मध्ये गुगलच्याच संशोधकानं हिशोब केला तो १० लाखांच्या आत, आठवड्याभराचं काम. विलो १०५ च्या घरात होती, पण खालचा आकडा वर येतोय आणि वरचा खाली.

म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं नव्या धर्तीच्या कुलपांची तीन मानकं जाहीर केली. ती अविभाज्य संख्यांवर नाहीत. भारतानं २०२३ मध्ये ६००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन घेतलं. पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. घाई अशासाठी की आज चोरून साठवलेली बंद माहिती दहा-पंधरा वर्षांनी उघडता येईल. उसाच्या बिलाचा निरोप तेव्हा कुणाच्या कामाचा नाही, पण जमिनीचे कागद, त्यांवरच्या सह्या, आजाराच्या फायली तेव्हाही कामाच्याच असतात. आज मात्र आपल्याकडच्या चोराला क्वांटम लागत नाही. तो कुलूप फोडत नाही, फोन करून ओटीपी विचारतो.

पुन्हा पुण्याकडं. नोकरी गेल्यावर कोसंबी खचले का? बाहेरून तरी तसं दिसलं नाही. १९६४ पासून महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना सरकारी शास्त्रज्ञ म्हणून जागा मिळाली. घरापासून जवळ, गाडीची धावपळ नाही. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं पुस्तक निघालं, ते जगभर वाचलं गेलं. डोंगर तुडवणं चालूच होतं. पण अविभाज्य संख्या काही सुटल्या नाहीत. स्वतःच्या नावावर शिक्का बसलेला, म्हणून की काय, १९६३ आणि १९६४ मध्ये त्यांनी एस. ड्युक्रे अशा टोपणनावानं लेख छापले. तरुणपणी एक खोटा गणिती गंमत म्हणून उभा केला होता. हा दुसरा गंमत म्हणून नव्हता.

जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. त्याच वर्षी २९ जूनला पुण्यातल्या घरी कोसंबी झोपेतच वारले. वय ५८, वाढदिवसाला महिना होता. मागं नलिनीबाई आणि माया, मीरा या दोन मुली. मीरा कोसंबी पुढं समाजशास्त्राच्या नावाजलेल्या अभ्यासक झाल्या. २००८ साली टपाल खात्यानं दामोदर कोसंबींचं तिकीट काढलं.

मरणाच्या थोडं आधी त्यांनी अविभाज्य संख्यांवरच्या एका पुस्तकाचं हस्तलिखित प्रकाशकाकडं टपालानं पाठवलं होतं. ते कधी छापून आलं नाही.